तीन पायऱ्या खालची खोली

१

मुलांनो, वहीचं एक कोरं पान आडवं ठेवा आणि पेन्सिल घ्या. आपल्याला एक रेल्वे स्टेशन काढायचं आहे. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, पण बरोबर हवं. कारण याच चित्रात एका माणसाचा खून होणार आहे आणि खुनी कोण, हे तुम्हाला चित्रावरूनच ओळखायचं आहे.

पानाच्या मधोमध डावीकडून उजवीकडे दोन रेघा ओढा. हे दोन रूळमार्ग. खालच्या रेघेखाली एक लांब पट्टी काढा, तो फलाट पहिला. त्यावर मध्यभागी स्टेशनमास्तरांची कचेरी आणि उजव्या टोकाला चहाची टपरी. वरच्या रेघेच्या वर दुसरी पट्टी, तो फलाट दुसरा. प्रवाशांना इकडून तिकडे जायला उजवीकडे पूल आहे. डावीकडे, फलाट संपतात तिथे, रुळांमध्ये फळ्या टाकून केलेली एक वाट आहे. ती फक्त रेल्वेच्या माणसांची. आणखी डावीकडे, तीनशे पावलांवर, रस्त्याचं फाटक आणि फाटकवाल्याची खोली. वरच्या मार्गावरच्या गाड्या डावीकडून उजवीकडे धावतात. म्हणजे त्यांना आधी फाटक लागतं, मग स्टेशन. तिथे एक बाण काढा.

आता दुसऱ्या फलाटाच्या डाव्या टोकाला एक छोटा चौकोन. ही दिव्यांची खोली, आणि स्टेशनातली सगळ्यात म्हातारी वस्तू.

शंभर वर्षांपूर्वी इथे वस्ती नव्हती, दगडाची खाण होती. दगड न्यायला एक रूळ टाकला, घोट्याएवढा बुटका फलाट बांधला आणि कंदील ठेवायला ही खोली. पुढे खाण संपली आणि तिच्या खड्ड्यात पाणी साचून डोह झाला. शहर मात्र सरकत सरकत इथवर आलं. घरं झाली. सकाळी शहरात जाणारी आणि संध्याकाळी परतणारी माणसं झाली. दुसरा रूळ आला, नवा फलाट आला, कचेरी आली. मग उंच पायऱ्यांचे डबे आले, तेव्हा दोन्ही फलाटांवर भर घालून ते उंच केले. पण खोली कशी उंच करणार? ती राहिली जिथल्या तिथे. तिच्या दारापुढे फलाट कापून एक खळगा ठेवला आणि त्यात तीन पायऱ्या केल्या. तेव्हापासून दिव्यांच्या खोलीत जायचं म्हणजे तीन पायऱ्या खाली उतरायचं.

काढलंत? मग ऐका. एके दिवशी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी जलद गाडी वरच्या मार्गावरून, न थांबता या स्टेशनातून धडधडत गेली. ती गेल्यावर तीन मिनिटांनी त्या खोलीतून एक माणूस गुरासारखा ओरडू लागला.

२

ओरडत होता फाटकवाला. त्याच्या मांडीवर त्याच्या वडिलांचं डोकं होतं आणि त्या डोक्याचा माथा फुटलेला होता. सगळे त्यांना दिवेवाले आजोबा म्हणत. नोकरी संपून वर्षं झाली होती, तरी ते रोज या खोलीत येत, जुने कंदील पुसत. स्टेशनला शंभर वर्षं होणार म्हणून एक मोठा फलक लिहायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, स्टेशनचा सगळा इतिहास. त्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीला चुना लावला होता आणि फरशीवर चुन्याचं पाणी सांडून पांढरा चिखल झाला होता.

त्या चिखलात आता तांबडे ओघळ मिसळत होते. शेजारी एक लोखंडी दांडा पडला होता. फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पूर्वी घंटा म्हणून टोले द्यायचे, तो हा दांडा. फाटकवाल्याने तो उचलला, पाहिला आणि तसाच हातात धरून राहिला.

"धरा त्याला!" दारातून स्टेशनमास्तर ओरडले. "बापाला मारलं यानं!"

पुलावरून माणसं धावली. कुणी काही विचारलं नाही. दारापर्यंत आलेल्या फाटकवाल्याला खळग्यातून केस धरून वर ओढलं. एकाने पोटात लाथ मारली, दुसऱ्याने चपलेने तोंड फोडलं. तो ताडमाड माणूस, गावभर त्याला शिडी म्हणत. एकाला जरी ढकललं असतं तरी चार पडले असते. पण त्याने हात वर केला नाही. "बाबा, बाबा" एवढंच म्हणत राहिला. शेवटी त्याला दोरीने फलाटाच्या खांबाला बांधलं, तेव्हा त्याच्या एका कानातून रक्त येत होतं.

तीन वाजता शाळेतून त्याची मुलगी आली. अकरा वर्षांची. दिवसभर आजोबांच्या मागे मागे असायची म्हणून तिला सगळे शेपटी म्हणत. आई तिला आठवतही नव्हती. फाटकाच्या खोलीत तिघंच राहत: आजोबा, बाबा आणि ती. दप्तर खाली टाकून ती आधी चादर घातलेल्या आजोबांकडे गेली, मग खांबाकडे.

"यांना सोडा," ती खांबापाशी पहाऱ्यावर असलेल्या हवालदाराला म्हणाली.

"सोडतो की," हवालदार म्हणाला. "पाचच्या गाडीने शहरात नेऊन थेट तुरुंगात सोडतो. फाशीच होईल बहुतेक. बापाला मारणाऱ्याला आणखी काय?"

पाच वाजायला दोन तास होते.

३

फौजदारबाई आल्या त्या पुलावरून सावकाश, कठडा धरत. पन्नाशीच्या होत्या, आवाज हळू. त्यांना एक खोड होती. माणूस जिथे उभा होता असं सांगे, तिथेच त्याला उभं करून त्या प्रश्न विचारत.

पहिली पाळी चहावाल्याची. दिवसभर शेगडी फुंकतो म्हणून त्याचं नाव फुंकणी. बुटका, बडबड्या.

"गाडी जाताना पलीकडे काय दिसलं?"

"बाई, मधे गाडी असताना पलीकडचं कसं दिसणार? भिंतच ती. धावती भिंत."

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर माझं दूध उतू गेलं. सहा गिऱ्हाइकं उभी, सहाही जण मलाच शहाणपण शिकवतायत, जाळ कमी कर म्हणून. मग हा ओरडा! मान वर करतो तर मास्तर केव्हाच पलीकडे, खोलीच्या दारात. एवढं पोट घेऊन एवढे चपळ! मी अजून चपलाच शोधत होतो."

"तुझं आणि म्हाताऱ्याचं वाकडं होतं म्हणे."

"ती खोली मला कोळशाला हवी होती. म्हातारा म्हणायचा, माझ्या मढ्यावरून ने." फुंकणीने जीभ चावली. "बोलायची पद्धत हो, बाई. आता नको ती मला खोली. फुकट दिली तरी नको."

मग रूळदुरुस्तीचा मुकादम. जुन्या फलाटाचे दगड त्याने परस्पर उचलले म्हणून आजोबांनी त्याला चारचौघांत झापलं होतं.

"मी तिकडे उजवीकडे, मैलभर लांब. दहा माणसं होती माझ्याबरोबर."

"दहाही तुझीच."

"मग अकरावा कुठून पैदा करू, बाई?"

स्टेशनमास्तर ठेंगणे, गोल, इस्त्रीच्या कपड्यातले. पुढच्या महिन्यात त्यांची नोकरी संपत होती आणि शंभरीच्या समारंभात त्यांना शाल मिळायची होती. त्यांनी गाड्यांची वही पुढे केली. सुंदर अक्षर. 'जलद, दोन वीस, पूर्ण.'

"पूर्ण म्हणजे?"

"प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक लाल पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली, डबे मागे सुटले नाहीत. मी पहिल्या फलाटावर कचेरीपुढे हिरवा बावटा धरून उभा होतो. डोळ्यांनी पाटी पाहिल्याशिवाय मी हा शब्द लिहीत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी इथे काय झालं ते विसरलो नाही मी. दोन डबे वाटेत सुटून राहिले आणि मागची गाडी त्यांच्यावर आदळली. अकरा माणसं. रुळांवरून हात-पाय गोळा केले होते आम्ही. रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची चूक ठरली, तुरुंगातच मेला बिचारा." मास्तरांनी कपाळ पुसलं. "गाडी गेली, मी आत वळणार तोच याचा ओरडा ऐकला आणि धावलो. सकाळीच बापलेकांची जुंपली होती. सगळ्यांनी ऐकलंय."

ते खरं होतं. फुंकणीनेही ऐकलं होतं. 'ते फलकाचं खूळ सोडा, माझी नोकरी घालवाल,' असं शिडी सकाळी बापावर ओरडला होता.

शेवटी बाई खांबापाशी आल्या. फाटकवाल्याचे ओठ सुजून फाटले होते.

"फाटक सोडून इकडे का आलास?"

"गाडी फाटकावरून गेली ना, बाई, तिच्या मागे लाल पाटीच नव्हती. मी मास्तरांना फोन लावला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. म्हणून धावत आलो. वाटेत ही खोली लागते. दार उघडं दिसलं आणि..."

हवालदाराने त्याच्या तोंडात भडकावली. "वहीत 'पूर्ण' लिहिलंय, खोटारड्या!"

बाईंनी पुढच्या स्टेशनला फोन केला. तिथला मास्तर म्हणाला, पाटी नव्हती हे खरं. आम्ही गाडी थांबवली, डबे मोजले, सगळे होते. तुमच्या मास्तरांना विचारलं तर म्हणाले, माझ्याकडून गेली तेव्हा पाटी होती. म्हणजे तुमच्या-आमच्या मधे कुठेतरी पडली असणार.

"बघा," स्टेशनमास्तर शांतपणे म्हणाले. "तुमच्याशी बोलून होताच मुकादमाला मी शोधायला पाठवलंय. आणि ही बातमी फलाटभर झाली होती, बाई. यानं खांबाला बांधल्या बांधल्या ती ऐकली आणि गोष्ट रचली."

घड्याळात चार वाजत होते.

४

बाई दिव्यांच्या खोलीशी परत आल्या, तर खळग्याच्या काठावर एक मुलगी बसली होती.

"तू कोण?"

"शेपटी."

"कुणाची?"

"आजोबांची." तिने खांबाकडे बोट केलं. "बाबांनी नाही मारलं."

"कशावरून?"

"ते माझे बाबा आहेत."

बाई शेजारी बसल्या, गुडघा धरून. "बाळ, हा पुरावा नव्हे. माझ्याकडे काय आहे ते ऐक. आम्ही आत जाण्याआधी चुन्यात दोघांचेच पाय उमटले होते, आजोबांचे आणि बाबांचे. तिसरा कुणी आत गेलाच नाही. घाव डोक्याच्या अगदी माथ्यावर आहे, म्हणजे मारणारा आजोबांपेक्षा पुष्कळ उंच. स्टेशनात उंच माणूस एकच. मला याहून मोठं काहीतरी सांग."

शेपटीने खोलीच्या ठेंगण्या छताकडे पाहिलं. तिचे गाल सुकलेल्या आसवांनी ताणले होते.

"बाबांना आत सरळ उभं राहता येत नाही," ती म्हणाली. "छताला डोकं लागतं. आजोबा हसायचे, म्हणायचे, तू आत आलास की नमस्कार केल्यासारखा दिसतोस. हात वर करून दांडा कसा मारतील?"

बाई उठल्या. "हवालदार, इकडे या. खाली उतरा. तिसरी पायरी, दारात. आता माझ्याकडे तोंड करा."

हवालदार चांगला सहा फुटी होता. पण तो खळग्यात उतरला आणि त्याचं टक्कल बाईंच्या पोटाच्या जरा वर आलं. बाईंनी पेन्सिल उचलली आणि त्या टकलाच्या बरोबर मध्यावर टक्‌ करून टेकवली.

"बाई!"

"मी किती उंच आहे, हवालदार?"

"पाच फूट असाल, बाई."

"आणि आत पाऊल तरी टाकलं का मी?"

मुलांनो, तुमच्या चित्रातला तो चौकोन पुन्हा बघा. फलाट उंच केला नसता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. मारणारा फलाटावर उभा होता आणि आजोबा दारात, तीन पायऱ्या खाली. कुणी हाक मारली म्हणून ते बाहेर डोकावले, वर पाहणार तोच माथ्यावर टोला बसला. ते मागे, आत कोसळले. दांडा त्यांच्या मागोमाग फेकला गेला. उंच माणसाची गरजच नव्हती. उलट, उंच माणूस निघाला बाजूला आणि सगळी बुटकी माणसं आली पुढे.

"आजोबांजवळ काय काय असायचं?" बाईंनी विचारलं.

"चष्मा, तपकिरीची डबी आणि दिव्यांची वही. कुठल्या गाडीला किती वाजता कंदील दाखवला ते लिहायचे त्यात. पंचवीस वर्षांचं आहे."

चष्मा होता, डबी होती. वही नव्हती. शिडीच्या अंगावरही नव्हती, त्याची झडती हवालदाराने घेतली होती.

"काल रात्री जेवताना आजोबा हसले नाहीत," शेपटी म्हणाली. "शंभरीसाठी कचेरीतल्या जुन्या वह्या बाहेर काढल्यात ना, त्या त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या. मला म्हणाले, 'शेपटे, अपघाताच्या दिवशी जी गाडी माझ्या वहीप्रमाणे सहा चाळीसला आली, ती सहा एकतीसलाच पूर्ण गेली असं कुणी कसं लिहिलं असेल? उद्या विचारतो. सांधेवाल्याचं नाव मला धुऊन काढायचंय.' बाबा म्हणाले, 'झालं गेलं, कशाला उकरता?' त्यावरून भांडण झालं. सकाळी पुन्हा झालं."

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

५

साडेचार वाजता बाईंनी सगळ्यांना कचेरीत बसवलं. शिडीला बेड्या घालून कोपऱ्यात उभं केलं. मास्तर त्यांच्या खुर्चीत. फुंकणी दाराशी. शेपटी खिडकीत.

"मी सरळ विचार करते," बाई म्हणाल्या. "मारणारा फलाटावरून मारून, म्हाताऱ्याच्या हातून पायरीवर पडलेली वही उचलून गेला. गाडी धडधडत असताना मारलं, म्हणून आवाज कुणी ऐकला नाही. गाडीची भिंत मधे होती, म्हणून कुणी पाहिलं नाही. फुंकणी त्या वेळी सहा गिऱ्हाइकांपुढे दूध उतू घालवत होता. मुकादम दहा माणसांत होता. राहिले मास्तर."

"मी पाटी बघत होतो," मास्तर म्हणाले. "वही काय सांगते?"

"तेच तर. गाडीमागे पाटी होती, तर तुम्ही ती पाहिलीत आणि तुम्ही पहिल्या फलाटावर होता. पण पाटी इथे येण्याआधीच पडली असेल, तर तुम्ही न बघता लिहिलंत. मग त्या वेळी तुम्ही होता कुठे? फुंकणीने मान वर केली तेव्हा तुम्ही पोचलेले कसे? फाटकवाल्याचा फोन का वाजत राहिला? सगळं एका पाटीवर अडलंय. ती कुठे पडली, एवढंच बघायचं."

तेवढ्यात मुकादम आला. घामाने निथळत होता. खांद्यावरचा लांब लोखंडी पाना त्याने दाराशी टेकवला.

"नाही सापडली, बाई. इथपासून पुढच्या स्टेशनपर्यंत झुडूपन्‌ झुडूप झोडलं."

"आणि मागे?" खिडकीतून शेपटीने विचारलं. "फाटकाच्या पलीकडे बघितलं?"

"मागे कशाला? मास्तर म्हणाले, इथून गेली तेव्हा होती."

 मग मुकादमाच्याच डोक्यात काय ते शिरलं आणि तो हळूच भिंतीला टेकला. फुंकणी म्हणाला, "अरे देवा."

नेमका फोन वाजला. शहरातून साहेबांचा होता, आरोपीला पाचच्या गाडीत बसवलं का म्हणून. बाई दोन मिनिटं त्यांच्याशी पाठ फिरवून बोलल्या. फोन ठेवून वळल्या तर मास्तरांची खुर्ची रिकामी होती.

"पाणी प्यायला गेले," हवालदार म्हणाला.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. तिथेही कुणी नव्हतं. दाराकडे पाहिलं. मुकादमाचा पाना तिथे नव्हता.

"माझी पोर!" शिडी ओरडला.

६

शेपटी फाटक ओलांडून धावत होती. रुळाच्या कडेची खडी पायाखाली सरकत होती. गाडी कुठल्या बाजूने आली हे तिला ठाऊक होतं. ती त्या बाजूला, उलटी निघाली होती. फाटकापासून साठ पावलांवर मोरी आहे. तिथे रूळ जरा उडवतो, असं बाबा नेहमी म्हणत. मोरीखालच्या काटेरी झुडपात काहीतरी लाल होतं.

ती घसरत खाली गेली. ताटाएवढी पत्र्याची पाटी, वरची कडी तुटलेली. काट्यांनी तिचे हात ओरबाडले. पाटी छातीशी धरून ती वर आली तेव्हा मास्तर समोर उभे होते. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"दे इकडे, बाळ. रेल्वेची वस्तू आहे."

"ही स्टेशनाच्या आधी पडलीय, मास्तरकाका. तुम्ही 'पूर्ण' कसं लिहिलंत?"

 मास्तर दमलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "आधीच लिहून ठेवतो मी. रोज. शंभर गाड्या जातात दिवसाला. शंभर वेळा काय बघायची पाटी? असतेच ती."

"एकोणीस वर्षांपूर्वी नव्हती."

"तुझा आजोबाही हेच म्हणाला," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाना फिरवला.

शेपटीने डोकं वाचवलं पण हात वाचला नाही. कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. ती खडीवर पडली. पाटी तिच्या अंगाखाली आली. दुसरा घाव रुळावर बसला, ठिणग्या उडाल्या. मास्तरांनी पाना टाकला आणि तिचे केस मुठीत धरून तिला फरफटत न्यायला सुरुवात केली. शेताच्या बांधापलीकडे खाणीचा डोह होता. तिने त्यांच्या मनगटाला दात रोवले, रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. त्यांनी तिच्या तोंडावर गुडघा मारला. तिचा एक दात निघाला, पण दुसऱ्या हाताने तिने रूळ धरला होता, तो सुटला नाही.

मग खडी वाजली. कुणीतरी धावत येत होतं, फार लांब टांगा टाकत.

शिडीच्या हातात बेड्या होत्या. हवालदाराने त्याला धरलं होतं. हवालदार आता मागे फाटकापाशी तोंडावर पडलेला होता आणि बाई त्याहून मागे, गुडघा धरून पळत होत्या. शिडीने काही विचारलं नाही. दोन्ही हातांची एक मूठ करून त्याने मास्तरांच्या मानेवर हाणली. मास्तर कोसळले. त्याने पुन्हा हाणली, बेडीच्या कडीने त्यांची भुवई कापली गेली, शर्टाची बटणं तुटली आणि पोटाशी खोचलेली दिव्यांची वही खडीवर पडली. तिच्या पुठ्ठ्यावर वाळलेलं रक्त होतं.

ती बघितली आणि शिडीच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. त्याने रुळाकडेचा एक धोंडा उचलला, कलिंगडाएवढा. बेड्यांमुळे तो दोन्ही हातांनीच उचलावा लागला. तो धोंडा त्याने डोक्याच्या वर नेला. मास्तर उताणे पडले होते, डोळे उघडे.

"थांब!" बाई लांबून ओरडल्या. "अरे, सुटलायस तू! थांब!"

त्याला ऐकू गेलं नाही. एक कान तर फुटलेलाच होता.

शेपटीला ऐकू गेलं. पाटी तिच्याजवळ होती, वही समोर होती, आणि बाई अजून शंभर पावलं लांब. धोंडा खाली आला की पाटीचा काही उपयोग उरणार नव्हता; हवालदार फाशीचं म्हणाला होता ते सगळं खरं होणार होतं, आणि या वेळी न्याय्य होणार होतं. फाटकाच्या खोलीत मग कुणीच राहणार नव्हतं.

"बाजूला हो, पोरी," शिडी म्हणाला.

ती बाजूला झाली नाही. मोडलेला हात लोंबत तसाच घेऊन ती गुडघ्यांवर सरकत पुढे आली. ज्याने आजोबांना मारलं, तिचं हाड मोडलं, तिला डोहाकडे ओढलं, त्या माणसाच्या अंगावर ती पालथी पडली, आणि आपलं डोकं तिने त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. शिडीच्या हातांतला धोंडा वरच थांबला.